एकशेवीसपैकी तीन

दुखणं मोजल्याशिवाय त्यावर इलाज करू नये, हे आता सगळ्या सुधारलेल्या जगानं मान्य केलेलं आहे. न मोजलेलं दुखणं बरं झालं, तर ते बरं झालं हे फक्त दुखणाऱ्यालाच कळतं. आणि त्याच्या एकट्याच्या कळण्यावर कुठलं सरकार विश्वास ठेवणार? तापाला काचेची नळी आहे, रक्तदाबाला पट्टा आहे. नाक मात्र बरीच वर्षं मोकाट होतं. माणसं चोंदलेलं नाक घेऊन यायची, डॉक्टर आत डोकावायचा, "भरलंय" म्हणायचा आणि साफ करून द्यायचा. असा सगळा रानटी कारभार.

मग डेन्मार्कच्या त्या पश्चिमेकडच्या प्रांतानं चोवीस प्रश्नांचा कागद काढला. नाक वाहतं का, शिंका येतात का, झोप मोडते का, वासाच्या बाबतीत त्रास आहे का, उदास वाटतं का, लाजल्यासारखं होतं का, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. शून्य म्हणजे काही त्रास नाही. पाच म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. बेरीज एकशेवीस. खाली लहान अक्षरात निकाल लावून ठेवलेला:

० ते २९ : नाक. (मिठाचं पाणी ओढावं.)
३० ते ५९ : त्रासलेलं नाक. (मिठाचं पाणी दोनदा ओढावं.)
६० आणि पुढे : रोगी नाक. (ऑपरेशन करावं.)

ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा भरायचा. आधीच्या बेरजेतून नंतरची वजा केली की जे उरतं, तो गुण. (गुण डॉक्टरचा, रोग्याचा नव्हे. हे कागदावर लिहिलेलं नसतं, पण डॉक्टरला पाठ असतं.)

कागदात काही दोष नव्हता. दोष टांगेबी गावात होता.

टांगेबी हे समुद्राकाठचं साडेचारशे वस्तीचं कोळ्यांचं गाव. तिथं वारा एवढा, की झाडं जन्मतःच वाकून उभी राहतात. माणसंही तशीच, पण ती वाकली आहेत असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नाही. तक्रार करणं हे तिथं उघड्यावर कपडे बदलण्यासारखं समजतात. कार्स्टन नावाच्या म्हाताऱ्याचा डावा पाय तरुणपणीच बोटीवरच्या दोरखंडात गेला. अजून कुणी विचारलं तर तो म्हणतो, "बुटांचा खर्च अर्धा झाला." पुढे राजधानीनंही तोच कागद उचलला. पहिल्या वर्षीचे आकडे छापले गेले, तेव्हा कोपनहेगनमधल्या नाकाची सरासरी निघाली चौऱ्याहत्तर, आणि टांगेबीतल्या नाकाची चार. (त्या चारात उन्हाळ्यात राहायला आलेला एक पाहुणा धरलेला आहे.) प्रांतानं नकाशावर टांगेबीला हिरवा रंग दिला आणि खाली लिहिलं, "समुद्राच्या हवेचा परिणाम."

या हिरव्या गावात आबेलोने लॉडबर्ग राहत होती. वय अडुसष्ट, शाळा पाच इयत्ता, मत प्रत्येक गोष्टीवर. नवऱ्यामागे तिनं मासे धुरावण्याचा धंदा एकटीनं चालवला, मुलाला वाढवलं, आणि गावात कोण किती पाण्यात आहे ते ती न विचारता सांगायची. तिचा बाकस्कुल्ड, म्हणजे मिठात मुरवलेला, वाऱ्यावर वाळवलेला आणि ओकच्या भुशावर धुरावलेला चपटा मासा, तीन जिल्ह्यांत जायचा. त्याचं सगळं गुपित तिच्या नाकात होतं. धुरातला मासा आधी गोडसर वास सोडतो, मग कडवट. दोन्हींच्या मधे दहा मिनिटं असतात. ती दहा मिनिटं पकडायला लोक यंत्रं घेतात. आबेलोने दारात उभी राहायची, एक श्वास घ्यायची आणि म्हणायची, "काढा."

गेली तीन वर्षं तिला वास येत नव्हता.

गोडसर नाही, कडवट नाही, कॉफी नाही, डिझेल नाही. ती पूर्वीसारखीच दारात उभी राहायची, पूर्वीसारखाच श्वास घ्यायची (तोंडानं, कारण नाकातून वाटच नव्हती), आणि अंदाजानं "काढा" म्हणायची. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. ज्या बाईचं नाक हाच धंदा, तिनं नाक गेल्याचं सांगावं म्हणजे पाटी काढून हातात घेऊन उभं राहावं. मासा बिघडला तर गिऱ्हाईक बोलेलच, असा तिनं हिशेब केला होता. तीन वर्षांत कुणी बोललं नाही. "खाता येतो," म्हणायचे, आणि टांगेबीत याच्या वरची शाबासकी नाही.

तरी तिला आत कुठंतरी धाकधूक होतीच. ती एका सकाळी दवाखान्यात गेली.

तिथं नर्स होती बोडिल, कार्स्टनची नात. तिनं कागद आणि पेन्सिल पुढं ठेवली.

"आबेलोनेबाई, खरं ते लिहा हं. कुणी बघत नाही."

"तू बघतेस ना."

"मी फक्त बेरीज करते."

"तुझ्या आजोबानं काय बेरीज केली होती पायाची?"

"पायाच्या कागदावर? एक लिहिला होता त्यांनी."

झालं. अख्खा पाय गेलेल्या माणसाला एक, तर धडधाकट चेहऱ्यावर जागच्या जागी असलेल्या नाकाला किती द्यावा? शिवाय पाच म्हणजे याहून वाईट असू शकत नाही, हे वाक्यच तिला पटेना. समोर समुद्र असलेल्या माणसाला माहीत असतं की याहून वाईट असू शकतं. तिचा नवरा आंदेर्स बोटीसकट परत आला नाही, तेव्हा पाद्रीबाबांनी विचारलं होतं, कशी आहेस. ती म्हणाली होती, "सवय होईल." त्या दिवशी जिनं दोनाच्या वर काही मागितलं नाही, ती आज सर्दीसाठी पाच कुठल्या तोंडानं मागणार?

तिनं शिंकांना एक दिला. झोपेला एक दिला. वासाला शून्य दिला आणि पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं. शेवटी कागद अगदीच रिकामा दिसू नये म्हणून, शिष्टाचार म्हणून, कान भरल्यासारखे वाटण्याला एक दिला. बेरीज तीन.

आठवड्यानं प्रांताचं पत्र आलं. "अभिनंदन. आपल्याला नाक आहे."

एवढ्यावर भागलं असतं, पण दरम्यान वरची दाढ दुखते म्हणून तिचा स्कॅन निघाला. दाढ ठणठणीत होती. दाढेच्या वरचं सगळं भरलेलं होतं. जिल्ह्याच्या हॉस्पिटलात नाकाचे सर्जन व्रिस्ट नावाचे होते. त्यांनी ते चित्र उजेडावर धरलं. चित्रालाही गुण असतात, चोवीसपैकी. आबेलोनेला तेवीस मिळाले. (शाळेत तिला इतके कधी मिळाले नव्हते.)

"आबेलोनेबाई," व्रिस्ट म्हणाले, "यात आता हवा जायला जागा नाही. तुम्ही जगता कशावर?"

"तोंडावर."

"आजच्या आज ऑपरेशन करायला हवं. पण तुमच्या कागदावर तीन आहेत. मला साठ लागतात."

"चित्रात दिसतंय ना तुम्हाला?"

"चित्रावर तुमची सही नसते. प्रांत सही मोजतो."

मग त्यांनी आपलं रडगाणं सांगितलं, टांगेबीच्या माणसासमोर जेवढं शोभेल तेवढं. त्यांनी वर्षभरात सत्तावीस नाकं मोकळी केली होती, पण ही माणसं ऑपरेशनआधी "काही नाही" म्हणायची आणि नंतरही "काही नाही"च म्हणायची. कोपनहेगनमधले सर्जन एका नाकामागे एकाहत्तर गुण काढत होते. व्रिस्ट यांची सरासरी होती पाव. वरून पत्र आलं होतं, की ज्या विभागाच्या हातून कुणालाच गुण येत नाही तो वर्षअखेरीस का बंद करू नये. विभाग बंद झाला की पुढची नाकं दीडशे मैल लांब.

"मला थोडं जास्त द्या हो," ते म्हणाले.

"माणसं भीकसुद्धा दारात उभं राहून मागतात," आबेलोने म्हणाली. "तुम्ही तर खुर्चीत बसून मागताय." आणि ती घरी आली.

घरी सून होती. फिलिपा. कोपनहेगनची, खात्यापित्या घरची, आणि तक्रार ही एक ललितकला आहे अशा समजुतीत वाढलेली. तिलाही मागच्या वर्षी सर्दी झाली होती. तिनं कागदावर अठ्ठ्याण्णव लिहिले आणि मार्जिनमध्ये जागा नाही म्हणून मागच्या बाजूला पुरवणी जोडली. माहेरी जाऊन तीन आठवड्यांत ऑपरेशन करून आली. नंतरची बेरीज अकरा. सत्त्याऐंशी गुणांचा फरक. राजधानीच्या माहितीपत्रकावर तिचा फोटो आहे, डोळे मिटून गुलाबाचा वास घेताना. (गुलाब कापडी होता. तिनं त्याचीही तक्रार केली.)

या फिलिपानं एका सकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, तर चुलीवर लोण्याचा कोळसा झालेला, छत दिसेना इतका धूर, आणि सासूबाई शेजारीच बसून मोजे रफू करताहेत.

तिनं तवा उचलून पाण्याखाली धरला. खिडकी उघडली. मग म्हणाली, "आई, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"वास येत नाही ते."

"येतो की."

"मग आत्ता कसला येतोय?"

आबेलोनेनं सुई थांबवली. "तू काहीतरी बिघडवलंस त्याचा."

फिलिपा समोर बसली. ती रडेल असं आबेलोनेला वाटलं होतं. ती कशालाही रडायची. पण या वेळी ती रडली नाही.

"कुणाला नाही सांगत मी. पण कागद परत भरा. खरा."

"खरं लिहायला मी काय कोपनहेगनची आहे?"

"तुम्हाला पाच लिहायची लाज वाटते?"

"तुला अठ्ठ्याण्णव लिहायची वाटली नाही?"

"नाही," फिलिपा म्हणाली. "पण मी आता श्वास नाकानं घेते."

आबेलोनेनं रफू अर्धवट टाकलं. ही गोष्ट घरात पहिल्यांदा घडत होती, त्यामुळे दोघींनाही पुढं काय करायचं ते सुचेना. शेवटी फिलिपानं कॉफी ठेवली.

तो कागद भरायला दोन तास आणि सहा कप लागले. आबेलोनेनं सुनेला पाठ करून बसायला लावलं. वासाला पाच लिहिताना तिनं आधी खिडकीचा पडदा ओढला. झोपेला चार. उदासपणाला तीन, मग खोडून चार. लाजल्यासारखं वाटतं का, याला पाच, आणि हा पाच बराचसा याच कागदामुळे होता. बेरीज एकाहत्तर. टांगेबीच्या इतिहासात कुणी एवढं बोललं नव्हतं. नवऱ्याच्या वेळीही ती एवढं बोलली नव्हती. तिनं पाकीट स्वतः चिकटवलं आणि रात्रीचं जेवली नाही.

आता प्रांताला आपण नावं ठेवतो, पण प्रांत झोपलेला नसतो. व्रिस्ट यांच्या पाव गुणाची चौकशी करायला राजधानीतून तीन माणसांची समिती येऊन गेली होती. समिती दोन दिवस टांगेबीत राहिली, तिनं गावकऱ्यांना "कसं काय" असं एकशेबारा वेळा विचारलं, एकशेबारा वेळा "चाललंय" हे उत्तर मिळालं, आणि समितीच्या लक्षात आलं की हे लोक सगळं उलटं बोलतात. म्हणून पश्चिम किनाऱ्यापुरती एक दुरुस्ती काढण्यात आली. ती फार सोपी आणि सुंदर होती: टांगेबीच्या माणसानं जो आकडा लिहिला असेल, तो पाचातून वजा करावा. शून्य म्हणजे पाच. पाच म्हणजे शून्य. ही दुरुस्ती मंगळवारी लागू झाली. आबेलोनेचा कागद बुधवारी पोचला.

एकशेवीस वजा एकाहत्तर. एकोणपन्नास.

"त्रासलेलं नाक," पत्रात लिहिलं होतं. "मिठाचं पाणी दोनदा ओढावं."

त्याच टपालानं गावातल्या एकसष्ट निरोगी माणसांना ऑपरेशनच्या तारखा आल्या. त्यांनी इमानदारीनं शून्य लिहिले होते, कारण त्यांना खरोखरच काही झालेलं नव्हतं. पाद्रीबाबांना एकशेवीस पडले. कार्स्टनला एकशेअठरा. आणि ही माणसं गेली. बोलावलंय म्हटल्यावर उगाच कशाला बोभाटा, म्हणून शांतपणे रांगेत बसली, एकामागून एक आत गेली आणि नाकात बोळे घालून बाहेर आली.

"कशाला गेलात हो?" आबेलोनेनं कार्स्टनला कुंपणावरून विचारलं.

"बस फुकट होती."

"दुखलं?"

"लक्षात राहील इतकं नाही."

आबेलोने घरात आली. आयुष्यात एकदाच खरं बोलली होती, आणि मिठाच्या पाण्यावर तिची बोळवण झाली होती. तिनं बोडिलकडून नवा कागद आणवला. फिलिपा मागून बघत होती. या वेळी पाठ करायला कुणी सांगितलं नाही. आबेलोनेनं पेन्सिल घेतली आणि वरपासून खालपर्यंत चोवीस शून्यं काढली, गोल गरगरीत, चकल्या पाडाव्यात तशी. तिला काही त्रास नव्हता. झोप छान लागत होती. वास तर दहा मैलांवरचा येत होता.

एकशेवीसपैकी एकशेवीस. सोमवारी बोलावणं आलं. व्रिस्ट यांनी चार तास काम केलं आणि तिच्या डोक्यातून एवढा ऐवज काढला की मदतनिसानं दुसरं भांडं मागवलं.

वास एकदम आला नाही. पाचव्या आठवड्यात थोडी कॉफी आली. सातव्यात फिलिपाचा साबण आला. ("हा वापरतेस तू? इतकी वर्षं?") नवव्या आठवड्यात एका सकाळी आबेलोने मासळी धुरावण्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली, नाकानं श्वास घेतला, आणि टांगलेला एक मासा काढून नाकाशी धरला.

मासा जळका नव्हता. जळका असता तर बरं. तो खवट होता. मिठात, वाऱ्यात, धुरात, तिन्ही ठिकाणी चुकलेला, ओल्या चामड्यासारखा. ती मागच्या महिन्याच्या पेटीकडे गेली. तोच वास. त्याच्या मागची पेटी. तोच.

एक मासा फडक्यात गुंडाळून ती कार्स्टनकडे गेली. तो न्याहारीला बसला होता. त्याच्या ब्रेडवर तोच मासा होता.

"तीन वर्षं तू हे खातोयस?"

"दर शनिवारी."

"वास नाही आला?"

"आला ना. म्हणून तर मोहरी जास्त घेतो."

"मग बोलला का नाहीस?"

कार्स्टननं विचार केला. "तू विचारलं होतंस, कसा झालाय. खाता येतो म्हणालो. येतो की खाता."

ती घरोघर गेली. कुणी मांजराला घालत होतं, आणि मांजर वाळूत पुरत होतं. कुणी दर आठवड्याला आणून तसाच भट्टीत टाकत होतं, पण आणायचं चुकवत नव्हतं. पाद्रीबाबा तर म्हणाले, मला वाटलं आंदेर्सच्या आठवणीनं तू आता असाच करायचं ठरवलंयस, म्हणून मी कधी विषय काढला नाही. फिलिपानं सांगितलं, की मला तो पहिल्या दिवसापासून भयंकर वाटत होता, पण जगात या एकाच गोष्टीची मी तक्रार केली नाही, कारण तो तुम्ही केलेला होता.

ही शेवटची गोष्ट आबेलोनेला सर्वात जास्त लागली. तिनं सगळ्या पेट्या समुद्रात रिकाम्या केल्या. सहा रात्री तिचा डोळा लागला नाही.

सहा महिने झाले आणि नंतरचा कागद आला. या वेळी तिनं पडदा ओढला नाही. झोप मोडते का: पाच. उदास वाटतं का: पाच. लाजल्यासारखं होतं का: पाच, आणि तो तिनं दोनदा गिरवला. वासाच्या बाबतीत त्रास आहे का: पाच. नाक मोकळं असण्याइतका त्रास तिला नाक बंद असताना कधी झाला नव्हता. बाकीच्यांनाही, हात लागलाच होता म्हणून, पाच. चोवीस पाच. एकशेवीस.

प्रांतानं ते एकशेवीसातून वजा केले. शून्य.

आधी एकशेवीस, नंतर शून्य. इतका गुण त्या प्रांतात कुणाला आला नव्हता, राजधानीतही नाही. व्रिस्ट यांचा विभाग वाचला. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, की तुम्ही पूर्ण बऱ्या झाला आहात. "असं तुम्ही म्हणता," आबेलोने म्हणाली आणि धूर बघायला गेली.

त्या दिवशी तिनं नवा मासा काढला. आधी गोडसर वास आला, तिनं दारात श्वास घेतला, दहा मिनिटांतलं बरोबर चौथं मिनिट पकडलं आणि म्हणाली, "काढा." असा मासा टांगेबीत दहा वर्षांत झाला नव्हता. ती ताट घेऊन घरोघर गेली, दारात उभी राहिली, आणि लोक घास चावेपर्यंत हलली नाही.

"खाता येतो," गाव म्हणालं. एका सुरात, अगदी पूर्वीसारखंच.

तिकडची माणसं अशीच, असं म्हणून तुम्ही आता हसाल. हसा. पण काल तुमच्या घरी कुणीतरी ताट वाढून तुमच्या तोंडाकडे बघत उभं राहिलं होतं, आणि "कसं झालंय?" असं विचारलं होतं. तुम्ही मान वर न करता "छान" म्हणालात. परवाही तेच म्हणाला होतात. त्या माणसाला मीठ लागेनासं होऊन किती वर्षं झाली, ते तुमच्या घरी कुणी मोजतंय का?